उलटा पीळ

"पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. "या वेळी सावकाश."

सासूने फळीवरचं अर्धं कडं उसवलं. सुनेने सुकवलेल्या शेवंतीची नवी जुडी पुढे सरकवली आणि मनातल्या मनात घोकलं: तीन देठ. एक वर, एक खाली, एक वाट बघतो.

बाई सरकारी होत्या, जुन्या कलांच्या तपासनीस. दोरा नाही, तार नाही, नुसता देठात देठ गुंफून केलेलं फुलांचं कडं. ही वीण या मळ्यात पिढ्यानपिढ्या चालत आलीय असा त्यांचा शेरा पडला, की मळ्याला कुणी हात लावू शकणार नव्हतं. नाही पडला, तर दीर गिऱ्हाईक हेरून बसलाच होता. ट्रक उभे करायला सपाट जागा सगळ्यांनाच लागते.

"मळे फिरून फिरून पायांचे तुकडे पडले," बाई म्हणाल्या. "जिथे जावं तिथे तेच. आजीला यायचं, आजी गेली. तुमचा मळा शेवटचा. इथेही काही निघालं नाही तर आमच्या कचेरीला कुलूप."

"म्हणजे किल्ली आमच्याकडे," सासू म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी खुंट्यांची फळी उचलली. काळपट, कडा झिजलेली.

"केवढी जुनी?"

"माझ्या आजेसासूची."

बाईंनी फळी नाकाशी नेली. फळीला अजून चहाच्या पाण्याचा वास होता.

बाईंनी ती खाली ठेवली. जपून.

"आणि अंगठ्याला काय झालं?"

"फोड आलाय."

"या वयात?"

"हात जुने, फोड तेवढा नवा."

तीन देठ. एक वर, एक खाली, एक.

सासूचा हात अडला. शेवटचा देठ निसटला आणि कडं आपलं आपण उलगडू लागलं. खोलीत नुसती पाकळ्यांची सळसळ. सुनेने बाईंकडे बघायचं टाळलं. आटोपलं सगळं.

"इथे चुकतंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी कडं मांडीवर ओढलं. शेवटचा देठ उलटा पिळला, दोन फुलांच्या मधून काढला, आत दाबला. मग कडं उचलून चांगलं झटकलं. एक फूल हललं नाही.

"माझी आजी असा उलटा पीळ द्यायची. तिच्या मांडीला मांडी लावून बसायचे मी."

सासूने मनगटाने डोळे पुसले. "हाच तो. आमच्यात हरवला होता बघा."

"आता नाही हरवणार," बाई म्हणाल्या, आणि तिथेच बसून त्यांनी शेरा लिहून टाकला.

गाडी वळणाआड गेली. सासू पुन्हा फळीपाशी जाऊन बसली होती, पीळ घालून बघत होती. दर वेळी चोख बसत होता.

सून दारातच उभी होती.

"आई," ती म्हणाली, "ही वीण तर आपण दोघींनी गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात बसून रचली. मग त्यांच्या आजीला कशी यायची?"