हातभर गोधडी

"एवढीशी? पाय बाहेर राहतील," सून म्हणाली.

सासूने गुलाबी तुकडा उजेडात धरला, खिडकीबाहेरच्या बोगनवेलीशी ताडून पाहिला आणि पिवळ्याशेजारी टाचून टाकला. यंदा अंगण फुलांनी नुसतं उसळलं होतं, आणि बाई ते अख्खं अंगण हातभर कापडावर उतरवायला बसली होती.

शनिवारी चष्म्याच्या दुकानातून सून अर्ध्या दिवसात सुटायची. मग दोघी खिडकीपाशी शिवत बसायच्या. सासूने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेले. तिचा धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा. सुनेच्या मुंग्या वाट चुकलेल्या. सासू हसायची, पण उसवायला लावायची नाही. दोघींच्या वयात जेमतेम अठरा वर्षांचं अंतर. बाजारात कुणी बहिणी समजलं तर सासू मुद्दाम गप्प राहायची.

दोघींचं चांगलं जमत होतं. म्हणूनच सुनेला बोलायचा धीर होत नव्हता. हातभर गोधडी कुणासाठी शिवतात, हे काय सांगायला हवं?

एका शनिवारी शेजारीण डोकावली. गल्लीत तिला सगळे 'खबरबाई' म्हणत.

"अगं बाई! पाळणा हलणार वाटतं!" ती थेट सुनेच्या पोटाकडे बघत म्हणाली.

सुनेच्या बोटात सुई घुसली.

"वेळ आली की कळेलच तुला," सासू म्हणाली आणि दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करू लागली.

नाही म्हणाली नाही. सुनेला तेच लागलं.

सासऱ्यांचंही काही कमी नव्हतं. त्यांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढला, घासून त्याला रंग दिला. मोगरा ऐन बहरात असताना सगळ्या कुंड्या मागच्या दारी नेल्या, कारण हल्ली बायकोला तो वास सोसत नव्हता. तिला साधी बादली उचलू देईनात. उतारवयात माणसं हळवी होतात म्हणतात, पण हे दोघं त्याआधीच झाले होते.

"तू बोल ना आईंशी," सून नवऱ्याला म्हणाली.

"काय बोलू? माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

तपासण्यांचे कागद दोन महिने कपाटात कपड्यांखाली पडून होते. पुढच्या शनिवारी सुनेने सुई गादीत खोचली आणि मन घट्ट केलं.

"आई, ही गोधडी आता राहू द्या."

"का गं? काठ तेवढा राहिलाय."

"आम्हाला मूल होणं कठीण आहे. दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं. यांना सांगवेना, म्हणून मी सांगतेय. तुम्ही एकेक फूल जोडता, नि मला वाटतं, मी तुम्हाला फसवतेय."

सासूच्या हातातून कात्री गळून पडली. तिने सुनेला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"एवढं दोघांनीच गिळून बसलात? मला एका शब्दाने सांगायचं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला मेलीला काय होतंय! तू अशी एकटी झुरलीस त्याचं वाईट वाटतंय. अशी कशी मी आंधळी!"

सुनेला रडू फुटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिने डोळे पुसले, गोधडी उचलून तिची नीट घडी घातली.

"कुणाच्या तरी बाळाला देऊन टाकू या," ती म्हणाली. "एवढी सुंदर झालीय."

सासूने घडी तिच्या हातातून घेतली, पण बाजूला ठेवली नाही. मांडीवर धरून बसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तीन आठवडे झाले, रोज सांगेन म्हणते," ती खाली बघत म्हणाली. "लाज वाटत होती. आता तर तुझ्यापुढे जीभच उचलत नाहीये."

"काय सांगायचंय, आई?"

"मी तुझ्या बाळासाठी शिवत नव्हते गं पोरी. तुला दीर येतोय, नाहीतर नणंद."