काशीत भूत होत नाही

सासूबाईंनी काशीत डोळे मिटले की शरदिनीला नागपूर मिळणार होतं. म्हणजे स्वतःची चूल, रात्रीची सलग झोप, आणि मुख्य म्हणजे बकुळ. पाच वर्षांच्या पोरीला थोरल्या जावेकडे ठेवून ती सासूबाईंच्या सेवेला आली होती. सासूबाईंना मिळणार होता मोक्ष. सौद्यात कुणाचंच नुकसान नव्हतं.

सासूबाईंनी, म्हणजे अंबिकाबाईंनी, क्षेत्रसंन्यास घेतला होता. मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही, असं ते व्रत. भोसले घाटामागच्या गल्लीत खोली घेतली, खाट टाकली, आणि दोघी वाट बघू लागल्या. वैद्यबुवांनी नाडी धरून शरदिनीला बाजूला घेतलं होतं. "दिवाळी काही दिसत नाही."

दिवाळी झाली. माघात तिकडे विलायतेत राणीसरकार वारल्या. सासूबाई मात्र होत्या.

दोष शेजारच्या आनंदीबाईचा. तीन पिढ्या काशीत काढलेलं घर. आत मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. बाई मोकळ्या मनाची, पण वाचलेलं पुस्तक तिच्या पोटात राहत नसे. दूधवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत ती सगळ्यांच्या गळ्यात भुताखेतांच्या कादंबऱ्या मारायची.

"वहिनी, ही किताब घेऊन जा," एक दिवस ती शरदिनीला म्हणाली. "भूत पण कसं, आजकालचं. पिंपळाबिंपळावर बसत नाही. आगगाडीने फिरतं, कलकत्त्यात गॅसच्या दिव्याखाली उभं राहतं. सुरुवातीलाच अंगावर काटा नाही आला तर मला नावं ठेवा. सच सांगते."

"सासूबाईंना विष्णुसहस्रनाम लागतं."

"ते सकाळी. दुपारी काय करता?"

दुपारी दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या. शरदिनीने पुस्तक घेतलं.

हिंदी अडखळत वाचायचं, मराठीत समजावून सांगायचं. दोनचार दुपारी गेल्या आणि अंबिकाबाईंनी खिचडीवर तूप मागितलं. पहिला भाग संपला तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. वैद्यबुवांनी श्रेय आपल्या मात्रेला दिलं. पण खरं औषध दुसरंच होतं. कादंबरीचा प्रत्येक भाग अशा जागी तुटायचा, की पुढचा ऐकल्याशिवाय माणसाला मरायला सवड होऊ नये.

"चौथ्यात भूतच प्रेमात पडतं," आनंदीबाई पुढचा भाग हातात ठेवत म्हणाली. "चुलीवरचं करपेल, पण वाचणं सुटणार नाही."

"करपतंच आहे," शरदिनी म्हणाली.

तिचा घसा बसला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यातच नागपूरची एक ओळखीची बाई यात्रेला आली आणि कौतुकाने सांगून गेली, "बकुळ तुझ्या जावेला आई म्हणते हो आता. इतकं गोड वाटतं ऐकायला."

शरदिनी तडक आनंदीबाईकडे गेली. "सासूबाईंना सांगा, भाग संपले."

"पुस्तकाबद्दल खोटं बोलू?" आनंदीबाईला ते फारच लागलं. "नवऱ्याबद्दल सांगा, आत्ता बोलते."

मग शरदिनीने स्वतःच उपाय काढला. दुपारी वाचता वाचता तिने पुस्तक मिटलं.

"सासूबाई, हे भुताचं ऐकून तुम्हाला उपयोग काय?"

"उपयोग कसला मेला. पुढे काय झालं ते कळतं."

"ज्याची वासना राहिली तो भूत होतो, आणि तोही दुसरीकडे मेला तर. इथे देह पडला की महादेव स्वतः कानात मंत्र सांगतात. काशीत भूत होत नाही."

"कुणाचंच?"

"कुणाचंच."

अंबिकाबाईंनी मिटलेल्या पुस्तकाकडे बोट केलं. "म्हणजे मागे काहीच उरत नाही? ऐकायलाबिकायला?"

"काहीच नाही. म्हणून म्हणते, आता नाव घ्या देवाचं."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी अर्धी खिचडी ताटात राहिली. दुसऱ्या दिवशीही त्यांनी पुस्तक मागितलं नाही. नुसत्या विचारात पडल्यासारख्या दिसायच्या. शरदिनीला वाईट वाटलं. त्या वाइटाच्या खाली थोडं हलकंही वाटलं. तिने मनातल्या मनात बकुळसाठी लाकडी खेळणी घेऊन ठेवली.

एकादशीला ती गंगेवर स्नान करून आली, तर खाट रिकामी. हातातला तांब्या तिने सावकाश खाली ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

"आलीस? किती गं वेळ," दाराआडून आवाज आला.

अंबिकाबाई शाल पांघरून गाठोड्यावर बसल्या होत्या. शेजारी आनंदीबाई पुस्तकांना दोरी बांधत होती. गल्लीच्या तोंडाशी डोली येऊन थांबली होती.

"कुठे निघालात?"

"स्टेशनावर. नागपूरला जायचंय."

"सासूबाई, अहो क्षेत्रसंन्यास. वेस ओलांडलीत तर व्रत मोडेल. गती अडेल तुमची."

"अडायलाच हवी," अंबिकाबाई समजुतीने म्हणाल्या. "आनंदी सांगते, कादंबरीवाल्याचं अजून लिहून व्हायचंय. तेवढं काही माझं आयुष्य नाही. पण तिकडे मेले तर तुझ्या माजघरात तरी राहता येईल. तू आपली दुपारी मोठ्याने वाचत जा. मी असेनच."

शरदिनीला नागपूर मिळालं. मोक्ष तेवढा महादेवाकडे पडून राहिला. सौद्यातलं बाकी सगळं नुकसान एकट्या शरदिनीने भरायचं होतं, सासूबाई असेपर्यंत, आणि त्यानंतर.