ओडेसामावशी

डेट्रॉइटच्या चर्चमधल्या हॉलमध्ये शोकसभेला पद्मिनी अगदी मागे, दाराला चिकटून उभी होती. नोव्हायच्या घरून निघताना तिने नवऱ्याला, प्रतापला, चक्क थाप मारली होती, ग्रोसरीला जाते म्हणून. समोर मिस ओडेसाचा फोटो होता. जांभळी हॅट आणि तोंडभर हसू.

सगळ्या शहराला पुरून उरली होती बाई! वर्णाने काळी, त्यात जन्मली तेव्हा लोकांनी मुलगा ठरवलेली. बाई म्हणून जगायला लागली, तर नोकरी गेली, तुरुंगही पाहिला. तरी आपल्यासारख्यांच्या हक्कांसाठी भांडभांड भांडली आणि घरच्यांनी हाकललेल्या पोरांना स्वतःच्या घरात ठेवून घेतलं.

पद्मिनीचं लेकरूही त्यातलंच. "मी ईशान नाही, मी इशिता," असं त्याने २००५ साली सांगितलं, तेव्हा प्रतापने दार दाखवलं. आणि पद्मिनी, काय म्हणावं तिला, गप्प राहिली. त्यानंतर दर रविवारी ओडेसाचा फोन यायचा. "युअर डॉटर इज फाइन, हनी." पद्मिनी फणकारायची, "माय सन!" ओडेसा खळखळून हसायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा फोन करायची. आता लेकराची खबर कोण देणार?

तेच लेकरू आता माइकपाशी उभं होतं आणि इंग्रजीत सांगत होतं, "आमच्या भाषेत आईच्या बहिणीला मावशी म्हणतात. हे कळल्यावर ओडेसा म्हणाली, मग मी मावशीच. माझी बहीण येईपर्यंत तिची जागा सांभाळते."

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. इथे मावशी गेली आणि माय धडधाकट असून दारात ताटकळतेय!

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. लोक जेवणाच्या टेबलांकडे वळत होते. लेकरू मात्र तिथेच उभं, चेहरा पार उतरलेला. आईला बघून ते जागच्या जागी थिजलं.

"हाय, मॉम."

पद्मिनी इंग्रजीत बोलली असती तर निभावलं असतं. 'यू'ला काय, कोणीही चालतं. मराठीत ती सोय नाही. साधं जेवणाचं विचारायचं, तरी समोर मुलगा आहे की मुलगी, ते आधी ठरवावं लागतं.

पद्मिनीने तो ओला गाल तळहातात घेतला.

"जेवलीस का गं?"