जनगणनेबाहेरची बाळं

चंद्रावरच्या प्रांतिक सरकारच्या आरोग्यमंत्री तारामती ढोबळे प्रसूतिगृहात उभ्या होत्या. काचेआड अकरा बाळं धापा टाकत होती. वस्तीची हवा पृथ्वीवरून, केंद्राच्या अनुदानातून यायची आणि यंदा ती वाढवून मिळाली नव्हती.

"अनुदान मागच्या जनगणनेवर ठरतं, मॅडम," केंद्राचे निरीक्षक देशमाने शांतपणे म्हणाले. "ही बाळं त्यात नाहीत. पुढच्या जनगणनेपर्यंत भागवून घ्या."

"म्हणजे तीन वर्षं?"

"नियमच आहे तसा."

तारामतीबाईंनी वस्तीच्या अभियंत्याला फोन लावला. "केंद्राच्या विश्रामगृहाची हवा तोडा आणि इकडे वळवा. आत्ता."

"मग मी कुठे राहायचं?" देशमान्यांचा आवाज चिरकला.

"तुम्हीही आमच्या जनगणनेत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या यानानं परत जा."