कोरा कोपरा

डोळे गेले तरी बाबांचा दरारा गेला नव्हता. लेकीने दिवसभर कोरलेली नक्षीची फळी ते रोज संध्याकाळी बोटांनी तपासायचे, आणि छिन्नी केसभर जरी घसरली असली तरी तिला सुनावायचे.

त्या दिवशी वेलीवरून फिरणारी त्यांची बोटं कोपऱ्यात थांबली. "ही मूठ कुणी कोरायला सांगितली तुला?"

"कुठली मूठ, बाबा? तो कोपरा अजून कोराच आहे."

"मला शिकवू नकोस. नखंसुद्धा लागतायत हाताला."

तिने तिथे हात फिरवून पाहिला. लाकूड सपाट, गुळगुळीत होतं. वय झालंय, म्हणत तिने विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी तिने त्या कोपऱ्याला छिन्नी लावलीच नाही. संध्याकाळी बाबा मात्र खूश होते. "आता जमलं बघ. मूठ उघडलीस ते बरं केलंस."

तिसऱ्या दिवशी तिने फळी कपाटामागे सरकवून ठेवली. बाबांनी चाचपडत ती शोधलीच.

"बाबा, पुरे आता. चहा निवतोय."

"येतो गं. आधी याला सोडायला सांग."

तिने त्यांचं मनगट धरून ओढलं. सपाट लाकडावर बाबांची चारही बोटं एकमेकांवर चेपली गेली होती, आणि नखं हळूहळू पांढरी पडत होती.