मालकांनी नारळ धरावा

"आप्पा, पान सात," उन्मेष म्हणाला. "मालकाने रोजच्या कामातून हळूहळू अंग काढून घ्यावे. तुम्ही किती काढलंत?"

आप्पांनी चहा बशीत ओतला. "बरंचसं."

"टक्क्यांत सांगा."

"अरे, तेच मी सोमवारपासून सांगतो आहे, की..."

"थांबा. टक्क्यांचा रकाना पुढच्या पानावर आहे."

उन्मेष पुण्याहून नोकरीचा राजीनामा देऊन आला होता. येताना निळी फाईल आणली होती. कंत्राटदारांनी निवृत्त कसं व्हावं आणि धंदा पुढच्या पिढीच्या हाती कसा सोपवावा, यावरच्या दोन दिवसांच्या शिबिरात ती मिळाली होती. शिबिरातलं जेवण चांगलं होतं. व्याख्याते स्वतः कधी कंत्राटदार नव्हते, त्यामुळे त्यांना विषय अगदी स्वच्छ दिसत होता.

चार वर्षांपूर्वी, नव्याण्णव साली, याच उन्मेषने फोनवर सांगितलं होतं, "मला ती जांभ्याची धूळ नको नि बांधकाम खात्याचे साहेबही नकोत. धंद्याचं काय करायचं ते करा, मला विचारूसुद्धा नका." आप्पांनी विचारलं नव्हतं. पण चार वर्षं दुसऱ्याच्या केबिनबाहेर ताटकळल्यावर उन्मेषला स्वतःची केबिन हवीशी वाटायला लागली होती.

"आधी ह्यांचं पुरतं ऐकून घे रे," हेमाताई आतून म्हणाल्या.

"ऐकतोच आहे ना, आई. आप्पा, तुम्ही आठ दिवस गेला नाहीत, तर कामं थांबतील?"

"छे. कशाला थांबतायत?"

उन्मेषने 'उत्तम' असं लिहिलं. "पाटीवरचं नाव बदलू नये, असं म्हटलंय. माणसं नाव बघून येतात."

"नाव माझंच राहणार. तसं बोलणं झालंय."

बोलणं कुणाशी झालंय, हे उन्मेषने विचारलं नाही. त्याला चौकटीत खूण करायची होती.

"आता पान अकरा. जुन्या माणसांना सन्मानाने मोकळे करणे." त्याने आवाज खाली आणला. "महिपत."

महिपत सव्वीस वर्षांपूर्वी आप्पांकडे खडी फोडायला आला होता. मग गवंडी झाला, मग मुकादम. उन्मेष लहान असताना महिपत त्याला खांद्यावर बसवून वाळूच्या ढिगावर न्यायचा. पण फाईलमध्ये खांद्याचा रकाना नव्हता.

"त्याच्याशिवाय तुमचं पान हलत नाही, आप्पा. हे धंद्याला धोक्याचं."

आप्पांना ठसका लागला. "नाही हलत, हे खरं," ते म्हणाले.

"मी शाल आणलीय. उद्या नव्या कामाचा मुहूर्त आहे ना? तिथंच देऊन टाकू."

आप्पांनी शाल उचलून नीट पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "उन्मेष, राजीनामा परत नाही ना घेता यायचा?"

"नाही. मी सगळे दोर कापून आलोय. पुण्याचा फ्लॅटही सोडला."

"हो काय? मग एक कर. तुझं शिक्षण नि अनुभव एका कागदावर लिहून दे. फोटो डकव."

"नोंदणीसाठी?"

"लागतो तो."

उन्मेषने दोन पानं लिहिली. फोटो टाय लावलेला होता.

सकाळी दोघे नाक्यावर उभे राहिले. जीप आली. पुढच्या सीटवर महिपत होता. त्याने घड्याळ बघितलं.

"आप्पा, पाच मिंटं उशीर."

"गुडघा हो, महिपतराव." आप्पा डबा सांभाळत मागे चढले.

जीप पूर्णगडच्या रस्त्याला लागली. इंजिनाच्या आवाजात उन्मेष वडलांच्या कानाशी वाकला. "त्याला अहोजाहो कधीपासून?"

"झाली चार वर्षं."

वयाने माणूस मऊ होतो, असं उन्मेषने मनाशी नोंदवलं. "आणि पुढं तो कसा बसतो?"

"पुढं ऊन लागतं."

डिसेंबर होता. मागे बसलेले सगळे अंग चोरून कुडकुडत होते. हे शिस्तीचं काम आपल्याला पहिल्या दिवसापासून हाती घ्यावं लागणार, हे उन्मेषच्या लक्षात आलं. मांडीवरच्या पिशवीतली शाल त्याने चाचपून पाहिली.

काम व्हाळावरच्या साकवाचं, म्हणजे ओढ्यावरच्या लहानशा पुलाचं होतं. गडी ओळीने उभे होते. गावचे रावजी गावकर सुपारी, विडा मांडून बसले होते. कुदळ मारण्याआधी गावदेवाला गाऱ्हाणं घालायचं, ही पायरी काही फाईलमध्ये नव्हती. पण उन्मेषला ती आवडली. निरोपाला असं वातावरण बरं असतं.

"काम कुणाचं, ते देवाला नाव घेऊन सांगायला लागतं," रावजी त्याला म्हणाले. "कागदावर कुणाचंही असू दे. हितं खोटं चालत नाही."

"बरोबर आहे," उन्मेष म्हणाला आणि शालीची घडी मोडली.

रावजी उठून उभे राहिले. गड्यांनी चपला काढल्या. "चला, मालकांनी नारळ धरावा."

"जा, आप्पा," उन्मेष कुजबुजला. "आजचा शेवटचा तुम्ही धरा. पुढचा मी धरीन."

आप्पा पुढे गेले. डब्याच्या पिशवीतला नारळ काढून त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने नीट पुसला आणि दोन्ही हातांनी महिपतच्या ओंजळीत ठेवला. मग खिशातून टायवाला फोटो डकवलेला कागद काढला.

"शेठ, तुमच्या ओळखीचाच आहे, माझा मुलगा. नोकरी सोडून आलाय. सहा महिने माझ्या हाताखाली ठेवून बघा. नाही जमलं, तर माझी भीड धरू नका."