थोरल्यासारखे केस

"नेहमीसारखे नको, काका. थोरल्यासारखे कापा," धाकटा खुर्चीत बसत म्हणाला.

सलूनवाल्या काकांनी उचललेली कात्री खाली ठेवली. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसायचे तेव्हापासून या दोघा भावांची डोकी काकांच्या हाताखाली होती.

"चेष्टा करतोस?"

"उद्या आईचं ऑपरेशन. थोरला भेटल्याशिवाय करून घेणार नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात, आता थांबलात तर हातची जाईल." तो आरशातून काकांकडे बघत राहिला. "त्याला येता यायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

थोरला बोटीवर नोकरीला. त्याला सुटी मिळत नाही, असं घरच्यांनी आईला किती महिने सांगायचं? तिच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळे. माणसं ती हाताने ओळखायची. पोरांना तर डोक्यावरून हात फिरवून. आवाजाची चिंता नव्हती. फोनवर दोघांच्या बायकाही फसत.

काकांनी मान हलवली आणि केस ओले केले.

काम सोपं नव्हतं. धाकट्याचे केस मऊ आणि लाडावलेले, थोरल्याचे राठ आणि हट्टी. काकांनी धाकट्याचे केस टोकांशी बोथट कापले, म्हणजे हाताला टोचतील. भांग उजवीकडून डावीकडे नेला. तो ऐकेना, तेव्हा खालचे केस विरळ करून त्याला वळण लावलं. टाळूवर एक बट मुद्दाम उभी ठेवली. लहानपणी पडल्यामुळे थोरल्याच्या कानामागे जरासा चट्टा होता, केस नसलेला. वस्तऱ्याच्या टोकाने काकांनी तेवढीच जागा मोकळी केली. समोर फोटो नव्हता. सगळं बोटांना पाठ होतं. बघणाऱ्याने नुसतं बघत राहावं, असा तो हात.

झाल्यावर त्यांनी डोळे मिटून धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बराच वेळ टॉवेल झटकत उभे राहिले.

हॉस्पिटलात तेही बरोबर आले. दाराशी त्यांनी खिशातला कंगवा काढून शेवटचा भांग बसवला.

"आलास?" आई म्हणाली.

"आलो, आई. सलूनवाले काकाही आलेत."

तिने त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. बोटं मानेवरून वर चढली, कानामागे थांबली, भांगातून गेली, उभ्या बटेपाशी रेंगाळली. काकांचा जीव टांगणीला लागला होता.

"तेच खुंट," ती हसली. "मेल्याला कधी नीट विंचरता आलं नाही. जा काका, डॉक्टरांना सांगा, म्हातारी तयार आहे."

काकांचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं. ते डोळे पुसत दाराकडे वळले.

"तुमच्या हाताला तोड नाही हो, काका," मागून आई म्हणाली. तिचा हात अजून त्या केसांतच होता. मग ती खाली वाकली.

"धाकट्या, माझा थोरला गेला कसा, एवढं तरी सांग."